बरं वाटलं म्हणून थांबू नका

  आपण बचत गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, पासबुक यांचा हिशोब करतो. आज मी अंगातल्या रक्ताचा हिशोब मांडणार आहे. हा हिशोब बिघडला, तर दुरुस्त करायला महिनाअखेरपर्यंतचा वेळ मिळत नाही, काही तासच मिळतात.

विळ्यानं बोट कापलं की रक्त दिसतं. बाळंतिणीच्या अंगावरून जास्त गेलं तर चादर भिजते, घरातलं कुणीतरी ओरडतं, गाडी बोलावली जाते. रक्त दिसतं म्हणून आपण धावतो. पण पोटाच्या आतली एखादी रक्तवाहिनी फुटली तर बाहेर एक थेंबही येत नाही. साडी कोरडी, चादर कोरडी. बाई पोट धरून बसलेली असते आणि हळूहळू पांढरी पडत जाते. घरात कुणी म्हणतं पित्त झालं, कुणी म्हणतं वात धरला, कुणी म्हणतं दृष्ट लागली. आणि वेळ निघून जातो.

मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखीच गावात राहणारी बाई आहे. आज सांगणार आहे ते औषध देण्यासाठी नाही, वेळ ओळखण्यासाठी आहे. औषध डॉक्टर देतील. पण बाईला डॉक्टरपर्यंत वेळेत पोचवणं हे घराचं, शेजाराचं आणि आपल्या गटाचं काम आहे.

धमनीला फुगा येतो म्हणजे काय?

हृदयाकडून रक्त घेऊन जाणाऱ्या नळ्यांना धमन्या म्हणतात. त्यांच्यातून रक्त जोरानं, ठोक्याठोक्यानं वाहतं. मोटारसायकलचं टायर एका जागी झिजलं, की तिथे फुगा येतो. हवा आतून ढकलत असते, झिजलेली जागा बाहेर येते. गाडी चालू असते, काही जाणवत नाही, आणि एके दिवशी खड्ड्यातही न जाता टायर फुटतं. धमनीचं असंच होतं. भिंत एखाद्या जागी कमजोर झाली की तिथे फुगा येतो. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात, मराठीत धमनीविस्फार. फुगा लहान असतो तोवर बहुतेक वेळा काहीही दुखत नाही. म्हणून तो आहे हे माणसाला माहीतच नसतं.

पोटात असा फुगा येण्याच्या दोन जागा आज समजून घेऊ.

पहिली जागा म्हणजे महाधमनी. हृदयापासून निघून छातीतून, पोटातून, कण्याच्या पुढून खाली येणारी ही सगळ्यात जाड धमनी. पोटात तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. ती ३ सेंटिमीटर किंवा जास्त झाली की डॉक्टर फुगा आला असं म्हणतात. हा आजार जास्त करून पासष्टीच्या पुढच्या पुरुषांत दिसतो, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर फार. वाढलेला रक्तदाब आणि घरात आधी कुणाला हा आजार झालेला असणं, यानंही धोका वाढतो. तेव्हा मैत्रिणींनो, ही गोष्ट सासऱ्यांसाठी, वडिलांसाठी लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या म्हाताऱ्या माणसाला अचानक पोटात किंवा कमरेत भयंकर दुखायला लागलं, घाम फुटला, चक्कर आली, तर तो मुतखडाच असेल असं धरून बसू नका. फुटलेली महाधमनी मुतखड्याचं सोंग घेते.

दुसरी जागा आपल्या बायकांच्या जास्त कामाची आहे. डाव्या बरगड्यांखाली पानथरी असते, तिला प्लीहाही म्हणतात. तिच्याकडे रक्त नेणारी धमनी जठराच्या मागून वळणं घेत जाते. पोटातल्या अवयवांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना जे फुगे येतात, त्यांतले सगळ्यात जास्त या पानथरीच्या धमनीवर येतात. आणि ते पुरुषांपेक्षा बायकांत साधारण चौपट आढळतात. ज्यांची बाळंतपणं जास्त झाली, ज्यांना यकृताच्या आजारामुळे पोटातल्या शिरांवर दाब वाढला आहे, त्यांना धोका अधिक. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, शरीरातले रस बदलतात, धमनीच्या भिंती सैलावतात. म्हणून असा फुगा असेल तर तो फुटण्याची भीती गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत जास्त.

हा आजार दुर्मीळ आहे, हेही स्पष्ट सांगते. पोट दुखलं की धमनी फुटली असं समजून घाबरून जायचं नाही. पण फुटली तर तो फार जीवघेणा आहे. गरोदर बायकांच्या जुन्या नोंदी पाहिल्या तर चारपैकी तीन आया दगावल्या आणि बाळं तर वीसातली एखादीच वाचली. इतक्या आया जाण्याचं मोठं कारण हे, की खरा आजार उशिरा लक्षात आला.

बायकांच्या पोटात आतून रक्त जाण्याचं याहून खूप जास्त आढळणारं एक कारण आहे. गर्भ पिशवीत न राहता नळीत राहणं. शंभर गरोदरपणांत एक-दोन वेळा असं होतं. नळी अरुंद असते, गर्भ वाढला की ती फुटते. हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत होतं. काही वेळा बाईला दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं. आणि नीट ऐका, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईलाही, तांबी बसवलेल्या बाईलाही क्वचित असा नळीतला गर्भ राहू शकतो. ‘माझं ऑपरेशन झालंय, मला काय दिवस जाणार’ असं म्हणून हे कारण बाजूला टाकायचं नाही.

आपल्याला घरी बसून पानथरीची धमनी फुटली की नळी फुटली हे ओळखायचं नाहीच. दोन्हीत रक्त आतच जातं. खुणा बऱ्याचशा सारख्या, आणि आपण करायचं काम तर अगदी एकच.

रक्ताचा ताळेबंद

५० किलो वजनाच्या बाईच्या अंगात साधारण साडेतीन लिटर रक्त असतं. एवढीच आपली शिल्लक. त्यातलं अर्धा लिटरपर्यंत गेलं तर शरीर सांभाळून घेतं, बाई बोलते, चालते, बाहेरून फारसं कळत नाही. एक लिटरच्या आसपास गेलं की हृदय पळायला लागतं. नाडी शंभराच्या वर जाते, हातपाय गार पडतात, घाम येतो, तहान लागते, जीव घाबरा होतो. आणि तरी या वेळी वरचा रक्तदाब जवळजवळ नेहमीसारखा दिसू शकतो. त्याच्याही पुढे गेलं की मग दाब कोसळतो, बाई बरळते, शुद्ध हरपते.

म्हणजे रक्तदाब पडेपर्यंत एक तृतीयांश शिल्लक संपलेली असते. म्हणून ‘बीपी चांगलं आहे’ एवढ्यावर निर्धास्त व्हायचं नाही. नाडी किती पळतेय ते बघायचं. मनगटावर दोन बोटं ठेवा, अर्धा मिनिट ठोके मोजा, दुप्पट करा. पडून असलेल्या बाईची नाडी शंभराच्या वर जात असेल आणि सोबत पोटात दुखत असेल, तर ती साधी गोष्ट नाही.

गरोदर बाईची शिल्लक जवळजवळ दीडपट झालेली असते. त्यामुळे तिच्यात खुणा आणखी उशिरा दिसतात. ती बरी दिसते, दिसते, आणि एकदम ढासळते.

आणखी एक हिशोब. रक्त जायला लागल्यावर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिन तपासलं तर आकडा पूर्वीइतकाच येऊ शकतो. दुधाचं भांडं अर्धं सांडलं, तरी उरलेलं दूध तितकंच घट्ट असतं ना? तसंच. पुढे सलाइन दिलं, शरीरानं पाणी ओढून घेतलं, की मग रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. तेव्हा पहिल्या रिपोर्टवरून ‘रक्त तर भरपूर आहे’ म्हणत घरी परतायचं नाही. शिवाय राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं आहे. आपली सुरुवातच तोट्यातून होते, म्हणून एवढा आग्रह.

खुणा ओळखा

पहिली खूण, अचानक सुरू झालेलं जोराचं दुखणं. पानथरीच्या धमनीचं दुखणं बहुधा वरच्या पोटात किंवा डाव्या बरगडीखाली. नळी फुटली तर ओटीपोटात एका बाजूला. महाधमनीचं पोटाच्या मध्यावर, पाठीत, कमरेत. बाई सांगू शकते, ‘भाकरी थापत होते, तेव्हा सुरू झालं.’ ज्या दुखण्याची घटका सांगता येते, ते दुखणं गंभीरपणे घ्यायचं.

दुसरी खूण, भोवळ. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटात साचलेलं रक्त खाली दाब देतं, म्हणून शौचाला लागल्यासारखं वाटतं. बाई संडासला जाते आणि तिथेच कोसळते. पोटदुखीसोबत भोवळ आली, की दोन्ही मिळून एकच अर्थ घ्यायचा. आत रक्त जात असेल.

तिसरी खूण चमत्कारिक वाटेल. खांदा दुखणं. पोट आणि छाती यांच्यामध्ये श्वासाचा पडदा असतो. त्याची नस मानेतून येते, आणि खांद्याच्या नसाही तिथल्याच. पोटातलं रक्त वर जाऊन त्या पडद्याला लागलं, की मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. आडवं पडल्यावर हे दुखणं वाढतं. पोट दुखतंय आणि खांद्याच्या टोकाला कळ येतेय, हे बाईनं सांगितलं तर ‘पाण्याच्या घागरी उचलल्या असतील’ म्हणून सोडून देऊ नका.

चौथी खूण, रंग आणि स्पर्श. ओठ, नखं, पापणीची आतली बाजू पांढरी. कपाळ ओलं आणि गार. पोट फुगलेलं, हात लावला की दुखणारं.

फसवी विश्रांती

आता आजची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पानथरीच्या धमनीचा फुगा काही वेळा दोन टप्प्यांत फुटतो. जठराच्या मागे एक छोटी, पिशवीसारखी बंद जागा असते. पहिल्यांदा रक्त त्या जागेत जातं. बाईला जोराची कळ येते, चक्कर येते. पण जागा लहान असल्यामुळे ती भरते, रक्त गोठतं, आणि बूच बसल्यासारखं होऊन रक्त थांबतं. दुखणं कमी होतं. बाई म्हणते, ‘आता बरं वाटतंय हो, उगाच दवाखाना कशाला?’ सासूबाईही म्हणतात, ‘पित्तच होतं, सोडा प्याली अन् उतरलं.’

ही विश्रांती काही तासांची असते, कधी एक-दोन दिवसांचीही. मग बूच सुटतं आणि रक्त सगळ्या पोटात पसरतं. तेव्हा मात्र हातात मिनिटं उरतात. या आजारात साधारण चार-पाच जणांत एकाला अशी दोन टप्प्यांची संधी मिळते. महाधमनीचंही कधी असं होतं. फुटलेल्या जागी पाठीकडच्या भागात रक्ताची गाठ दाबून बसते आणि माणूस काही तास तगतो.

मैत्रिणींनो, ही मधली विश्रांती म्हणजे आजार बरा झाल्याची खूण नाही. आपल्याला मिळालेली ती मुदत आहे. जी बाई या मुदतीत दवाखान्यात पोचते, तिचा जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. म्हणून कळ आणि भोवळ एकदा येऊन गेली असेल, तर आता बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचं.

घरी काय करायचं, काय नाही

पोट चोळायचं नाही, तेल लावून उतरवायचं नाही. बसलेलं बूच त्यानं सुटू शकतं. शेक द्यायचा नाही. एरंडेल, काढा, सोडा, चहा, काही पाजायचं नाही, कारण ऑपरेशनची वेळ आली तर भूल देताना पोट रिकामं असलेलं बरं. फार तहान लागली तर ओठ ओले करा. दुखणं थांबवणारी सुई घेऊन घरी परत यायचं नाही. सुईनं दुखणं दबतं, फुटलेली धमनी शिवली जात नाही.

बाईला आडवं झोपवा. गरोदर असेल तर डाव्या कुशीवर. चालवत, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. अंगावर पांघरूण घाला. १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतात. फोनवर ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगू नका. असं सांगा, ‘अचानक पोटात दुखायला लागलं, चक्कर येऊन पडली, अंग गार पडलंय, नाडी इतकी आहे, इतक्या महिन्यांची गरोदर आहे’ किंवा ‘पाळी चुकली आहे.’

न्यायचं कुठे? जिथे सोनोग्राफी आहे, ऑपरेशन करणारे डॉक्टर आहेत, भूल देणारे डॉक्टर आहेत आणि रक्त मिळतं, तिथे. बहुतेक तालुक्यांत हे सगळं एका जागी मिळायचं ठिकाण म्हणजे उपजिल्हा रुग्णालय किंवा जिल्ह्याचं सिव्हिल. प्राथमिक आरोग्य केंद्र वाटेत असेल तर तिथे हाताला सुई लावून घेता येईल, पुढे फोन करून घेता येईल. पण तिथे निकाल बघत अर्धा दिवस बसायचं नाही.

दवाखान्यात काय करतात

काय काय होणार हे आधी माहीत असलं, की घरची माणसं अडून राहत नाहीत. म्हणून क्रमानं सांगते.

आधी नाडी, रक्तदाब, श्वास बघतात. दोन्ही हातांना जाड सुया लावतात, म्हणजे रक्त आणि सलाइन जोरात देता येतं. रक्तगट आणि जुळणी यांसाठी नमुना घेतात. मूल होण्याच्या वयातली बाई असेल तर लघवीची गरोदरपणाची तपासणी करतात, लग्न झालेलं असो वा नसो, ऑपरेशन झालेलं असो वा नसो. यात कुणाच्या चारित्र्यावर संशय नाही. ‘आमच्या मुलीची ही तपासणी कशाला’ म्हणून भांडू नका. त्या पाच मिनिटांच्या तपासणीनं जीव वाचतो.

मग पोटाची सोनोग्राफी. पोटातल्या बाळासाठी करतात तशी सावकाश नाही. खाटेवरच दोन-चार मिनिटांत, पोटात मोकळं रक्त आहे का एवढंच बघायला. रक्त दिसलं आणि बाईचा दाब टिकून असेल, तर शिरेतून औषध सोडून सीटी स्कॅन करतात. त्यात कुठली धमनी फुटली ते नेमकं दिसतं. बाई गरोदर असली तरी जिवावर बेतलं असेल तेव्हा हा स्कॅन करावा लागू शकतो. बाळाला किरणं लागतील म्हणून अडवू नका. आई वाचली तरच बाळाला आशा. आणि बाईचा दाब कोसळत असेल, तर डॉक्टर स्कॅनसाठी न थांबता सरळ ऑपरेशनला घेतात. तेच योग्य असतं. ‘आधी सगळे रिपोर्ट दाखवा, मग सही करतो’ असं म्हणायची ती वेळ नव्हे.

उपचार मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक, पोट उघडून फुटलेली धमनी बांधणं. पानथरीजवळ फुटली असेल तर काही वेळा पानथरीच काढावी लागते. पानथरीशिवाय माणूस जगतो, पण काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते. म्हणून नंतर न्यूमोनियासारख्या आजारांच्या लसी घ्याव्या लागतात, आणि पुढे कधीही थंडी वाजून ताप आला तर लगेच दवाखाना गाठायचा. घरी येताना डॉक्टरांना लसींविषयी विचारून, लिहून घ्या. गरोदर बाईचं ऑपरेशन करताना बाळ जगण्याइतकं वाढलेलं असेल तर त्याच वेळी सिझेरियन करतात.

दुसरी तऱ्हा मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत होते. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी आत सरकवतात, पडद्यावर बघत बघत फुग्यापर्यंत पोचतात, आणि तिथे धातूच्या बारीक तारेची वेटोळी सोडून रक्ताची वाट बंद करतात. पोट कापावं लागत नाही. पण बाईची प्रकृती तेवढा वेळ देणारी हवी आणि तिथे ती सोय हवी. महाधमनीच्या फुग्यातही जांघेतून अस्तर लावलेली नळी आत बसवतात.

ही सोय किती नवी आहे बघा. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आईनस्टाईन यांचं नाव तुम्ही वाचलं असेल. त्यांच्या पोटात महाधमनीचा फुगा होता. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ निस्सेन या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. तेव्हा फुगा काढून नवी नळी बसवायचं तंत्रच नव्हतं. म्हणून त्यांनी धमनीभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला, म्हणजे आजूबाजूचं मांस घट्ट होऊन आधार देईल. त्यावर आईनस्टाईन सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगा फुटला. त्यांनी पुन्हा ऑपरेशनला नकार दिला आणि १८ एप्रिलला ते गेले. मधल्या काळात, १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त यांनी अशी खराब महाधमनी काढून तिथे दुसरी बसवून दाखवली होती. आणि जांघेतून नळी घालून उपचार करायची रीत अर्जेंटिनाचे डॉक्टर हुआन पारोदी यांनी १९९० साली सुरू केली. ज्यावर जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञाला कागदाची पट्टी मिळाली, त्यावर आज आपल्या राज्यातल्या मोठ्या रुग्णालयांत उपचार आहे. अडतं ते तिथपर्यंत पोचण्यात.

फुटण्याआधी सापडला तर

कधी दुसऱ्याच कारणानं सोनोग्राफी किंवा सीटी होतो आणि रिपोर्टमध्ये अ‍ॅन्युरिझम हा शब्द येतो. काही दुखत नाही म्हणून तो कागद पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत टाकू नका. पानथरीच्या धमनीचा फुगा २ सेंटिमीटरहून मोठा असेल तर साधारणपणे उपचार सुचवतात. पण बाई गरोदर असेल किंवा पुढे मूल व्हायचं असेल तर तो लहान असतानाच बंद करायचा सल्ला देतात. महाधमनीचा फुगा पुरुषांत साडेपाच आणि बायकांत ५ सेंटिमीटरच्या आसपास गेला की ऑपरेशनचा विचार होतो. त्याहून लहान असेल तर ठरलेल्या मुदतीनं सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात, आणि बिडी बंद करायला सांगतात. फुटल्यावर करायच्या ऑपरेशनपेक्षा आधी ठरवून केलेलं ऑपरेशन कितीतरी सुरक्षित.

आपल्या गटाचं काम

आता शेवटचा भाग, आणि हा डॉक्टरांचा नाही, आपला आहे. उशीर कुठे होतो? मालक कामावर गेलेत, त्यांना विचारल्याशिवाय कसं न्यायचं, इथे होतो. पैसे कुठून आणायचे, इथे होतो. रक्त कोण देणार, इथे होतो.

पैशाचं आधी. पुढच्या बैठकीत एक ठराव करा. आजारपणाच्या तातडीच्या वेळी अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींनी फोनवर होकार दिला, की ठरलेल्या मर्यादेपर्यंत अंतर्गत कर्ज लगेच द्यायचं, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर नोंद करायची. रकमेची मर्यादा तुमच्या शिलकीप्रमाणे ठरवा. पण ठराव वहीत लिहून सह्या घ्या, म्हणजे मध्यरात्री वाद होत नाही. ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी असेल तर तो अशाच अडचणींसाठी आहे, त्याचे नियम सीआरपी ताईंकडून आताच समजून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून प्रत्येक घरात तयार ठेवा.

रक्ताचं दुसरं. गटातल्या सगळ्यांचे आणि घरच्या जाणत्या माणसांचे रक्तगट वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. गरोदर बाईचा रक्तगट तर तिच्या कार्डावर असतोच. ज्यांचं वय १८ च्या पुढे आहे, वजन ४५ किलोहून जास्त आहे आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे, अशी धडधाकट माणसं रक्त देऊ शकतात. त्यांची नावं वेगळी लिहा.

होकाराचं तिसरं. मालकांशी, सासूबाईंशी हे आजच बोलून ठेवा. ‘पोटात कळ आणि भोवळ एकत्र आली तर विचारायला थांबायचं नाही, आधी निघायचं आणि वाटेत फोन करायचा’ असं घरात ठरवून ठेवा. शांत वेळी घेतलेला होकार अडचणीच्या वेळी कामी येतो.

आणि कुठल्या दवाखान्यानं ‘आधी पैसे भरा’ म्हणून दारातून परत पाठवलं, तर लक्षात ठेवा. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की जीव धोक्यात असलेल्या माणसाला तातडीचा उपचार देणं हे सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. हे भांडायला नाही, ठामपणे सांगायला उपयोगी आहे.

मैत्रिणींनो, आपल्याला दुखणं सोसायची सवय आहे. सोसते ती चांगली, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण सोसण्यानं फुटलेली धमनी जुळत नाही. आजची ही तीन वाक्यं गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा. एक, अचानक कळ आणि भोवळ एकत्र आली, तर आत रक्त जात असेल असं समजा. दोन, बरं वाटलं म्हणून थांबू नका. तीन, सोनोग्राफी, ऑपरेशन आणि रक्त या तिन्हींची सोय आहे तिथेच न्या.

या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की ही वाक्यं एकदा मोठ्यानं वाचा, आणि रक्तगटांचं पान भरूनच उठा.